तीन नंबरचा गूळ

शुक्रवारी सकाळी साडेसहाला भगवंत सायकलवरून कंपनीत निघाला, तेव्हा वसाहतीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाकीच्या जगाचा रविवार तो बोईसरच्या कारखान्यांचा शुक्रवार. त्या दिवशी वीज कापलेली असायची, भोंगे वाजायचे नाहीत, आणि एरवी खोकत उभी असलेली धुराडी गप्प बसलेली असायची. १९८६ सालचा डिसेंबर होता. भगवंतच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत डबा होता, आणि डब्याखाली सरावाची प्रश्नपत्रिका.

भगवंत परभणीकडचा. बी.एस्सी. होऊन या रंगाच्या कारखान्यात चार वर्षं पाळ्या करत होता. मुंबईच्या एका मॅनेजमेंट कॉलेजची प्रवेश परीक्षा त्यानं दोनदा दिली होती आणि दोनदा तो पडला होता. येत नव्हतं असं नाही. वेळ पुरत नव्हता. दोन्ही वेळा शेवटची पानं कोरी राहिली. फॉर्म भरायला वयाची अट होती आणि येत्या मार्चमध्ये तो ती ओलांडणार होता. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. ही हुकली, की जन्मभर पिवळे हात आणि पाळीचा भोंगा, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

म्हणूनच तो शुक्रवारची पाळी मागून घ्यायचा. सुट्टी असली तरी तीन नंबरच्या केटलीत माल मुरायला ठेवलेला असे. केटल म्हणजे दोन माणसं उभी मावतील एवढं लोखंडी बंद भांडं. टाकीचं पाणी आपल्या उताऱ्यानं तिच्या अंगाभोवती फिरायचं आणि तिला थंड ठेवायचं. कामगारानं दर तासाला लोखंडी जिन्यानं वर जायचं, काट्यावर तापमान बघायचं, कागदावर लिहायचं. चाळीसच्या आसपास असलं की ठीक. पन्नासकडे सरकायला लागलं, तर मोठा व्हॉल्व्ह खोलून जादा पाणी सोडायचं. नाहीतर माल आपणहून तापत जातो, आणि मग कुणाचं ऐकत नाही.

फाटकात सुका बसला होता. पाम गावचा, पन्नाशीचा, शेकोटीत काटक्या सारत.

"आले मॅनेजरसाहेब," तो म्हणाला. "पास झाले की पयला हुकूम माजा काढा. मला या गेटावरून हलवा. मच्छर रगत पितात."

"आधी पास तर होऊ दे, सुका."

"व्हाल हो. एवढं तर माजा पोरगा बी वाचत नाय. तो म्हणून तर बकऱ्या राखतो."

त्यानं कागदात बांधलेले गुळाचे दोन खडे पुढे केले. मालाची भुकटी घशात बसू नये म्हणून कंपनी प्रत्येक पाळीला गूळ द्यायची. एक खडा भगवंतचा. दुसरा तीन नंबरचा.

या दुसऱ्या खड्याची गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितली जाई. तीन वर्षांपूर्वी नागोराव नावाचा ऑपरेटर अशाच एका शुक्रवारी एकटा पाळीवर होता. आठ तासांची आठ रीडिंग त्यानं सकाळीच अंदाजानं भरून ठेवली आणि घरी पत्र लिहीत बसला. साडेबाराला तीन नंबरची केटल फुटली आणि तो गेला. लोकांनी कागद पाहिला, तर एक, दोन आणि तीन वाजताचे आकडे त्याच्याच झुकत्या अक्षरात, निळ्या शाईत लिहिलेले. सगळे इंग्रजी आकडे लिहायचे, नागोराव मराठी लिहायचा. मेलेल्या माणसानं तीन तास पुढची नोंद करून ठेवली होती. तेव्हापासून नव्या केटलीजवळ एका डब्याच्या झाकणात त्याच्या वाट्याचा गूळ ठेवत. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी मोडलंही नव्हतं.

भगवंतनं आठ, नऊ आणि दहाची रीडिंग रीतसर घेतली. चाळीस, एकेचाळीस, चाळीस. जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. गूळ झाकणात ठेवायला म्हणून तो खिशात घेऊन चढला, आणि डोक्यात टक्केवारीची गणितं घोळत होती म्हणून तसाच उतरला.

सव्वादहाला तो जिन्याखालच्या खोलीत बसला. प्रश्नपत्रिका सव्वादोन तासांची होती. आजवर त्यानं ती एकदाही अखंड सोडवली नव्हती. दर तासाला उठावं लागायचं आणि लय तुटायची. त्यानं समोरच्या कागदाकडे पाहिलं. केटल गेले तीन तास चाळीसवरून हललेली नव्हती. मग त्यानं कुणी बघत असल्यासारखी मान खाली घातली आणि भरून टाकलं. अकरा, चाळीस. बारा, एकेचाळीस. एक, चाळीस. कागद वर नेऊन खिळ्याला टांगला, खाली आला आणि घड्याळ लावलं.

तो सोडवत राहिला. मध्ये भूक लागली तेव्हा हात खिशात गेला. गुळाचा एक खडा संपला, मग दुसरा. आपण काय खाल्लं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

अकराच्या सुमाराला जिना वाजला. पायऱ्या सावकाश चढल्या गेल्या, थोडा वेळ थांबल्या, सावकाश उतरल्या. सुका असेल, असं त्याला वाटलं. बाराला परत वाजला. या वेळी वर चाक फिरवल्यासारखा करकर आवाज आला आणि नळांतून जोरात पाणी गेलं. भगवंतचे शेवटचे बारा प्रश्न उरले होते. त्यानं मान वर केली नाही.

साडेबाराला शेवटचं उत्तर लिहून झालं. सगळं. पहिल्यांदाच. तो हसत उठला, आणि दारापर्यंत जाऊन थांबला. खोलीत गुळाचा दाट वास येत होता, काहिलीतून नुकता उतरवल्यासारखा.

वर कागद खिळ्याला होता. त्यानं लिहिलेल्या अकराच्या आणि बाराच्या आकड्यांवर एकेक सरळ रेघ मारलेली होती. शेजारी निळ्या शाईत, उजवीकडे झुकलेलं : ४०. त्याखाली : ४६. मोठा व्हॉल्व्ह दोन वेढे खोललेला होता आणि चाक ओलं होतं. काटा पुन्हा चाळीसवर आला होता. एकचा आकडा मात्र त्याचाच होता, कुणी हात न लावलेला.

तो फाटकाकडे जवळजवळ पळतच गेला.

"सुका, तू वर आला होतास?"

"मी? गेट सोडून? नोकरी नको काय मला?" सुकानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमीच तर फिरत होते वर. पाठमोरे दिसले दोन टायमाला. मी हाक बी मारली."

"मी... खाली होतो."

सुकानं फाटकाला कडी घातली आणि भगवंतबरोबर वर आला. कागद त्याला वाचता येत नव्हता. त्यानं झाकण तेवढं पाहिलं.

"यातला गूळ?"

"उंदरानं नेला असेल."

"या मालाच्या वासाला उंदीर थांबत नाय, साहेब."

भगवंतनं खिशातला रिकामा कागद काढून दाखवला. सुकानं तो कागद घेतला, हुंगला. मग हळू आवाजात म्हणाला, "आमच्यात एक हाय. ज्याचा वाटा खाल्ला, त्याची पाळी भरावी लागते. तुमची त्यानं केली. त्याची अजून तीन टायमं रायलीत. एक, दोन, तीन."

"मग काय करायचं?"

"मला काय ठाव. मी गेटावरचा माणूस."

शनिवारी उजेडात, माणसांच्या गलक्यात, भगवंतला हे सगळं पुसट वाटलं. व्हॉल्व्ह आपणच खोलला असेल. अभ्यासाच्या तंद्रीत माणूस काहीही करतो. कागदाचं मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. उलट, परीक्षेच्या रविवारी त्याच्या जागी पाळी करायला सफाळ्याचा पुंडलिक तयार झाला, तेव्हा पुंडलिकनं विचारलं, "भाऊ, दर तासाला चढायचं म्हणजे पाय जातात. तुमी कसं जमवता?" आणि भगवंत बोलून गेला, "तीन नंबर शांत आहे. दोन-तीन रीडिंग आधी भरून ठेवलीस तरी चालतं."

परीक्षेचा हॉल मोठा होता, फरशीचा, उंच छताचा. साडेनऊ ते एक. भगवंतचा हात सुटला होता. शेवटी एक निबंध होता, मराठीतही लिहायची मुभा होती : 'कामाच्या ठिकाणची जबाबदारी'. तेवढा सोडून बाराच्या आत सगळं संपेल, असा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबर चालला होता.

अकरा वाजता त्याच्या तोंडाला गुळाची चव आली. त्यानं थुंकी गिळली आणि पुढे गेला.

बाराला त्यानं निबंधाचं पान उघडलं. शेजारी कच्च्या कामाचा कागद होता. त्यावर त्याच्या गणितांच्या खाली झुकत्या अक्षरात एक ओळ होती. ११ — ४०. त्याखाली, शाई अजून ओली, १२ — ४६. पेन त्याच्याच हातात होतं. आणि हॉलच्या दगडी फरशीवर पर्यवेक्षक चालत होते, त्यांच्या पावलांचा आवाज लोखंडावर पडावा तसा येत होता.

तो काही क्षण निबंधाच्या कोऱ्या पानाकडे बघत बसला. दोन वर्षं हेच पान कोरं राहिलं होतं. मग त्याला पुंडलिक दिसला, जिन्याखालच्या खोलीत, पाय पसरून, रेडिओ कानाला लावून. कागद खिळ्याला. एकपर्यंत भरलेला.

भगवंत उठला.

"बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही," दारातले पर्यवेक्षक म्हणाले.

"माहीत आहे, सर."

कॉलेजच्या ऑफिसात त्यानं कारकुनाचे पाय धरायचेच बाकी ठेवले. तातडीचा ट्रंक कॉल लागायला नऊ मिनिटं गेली. फाटकातला फोन सुकानं उचलला.

"सुका, पुंडलिकला वर पाठव. आत्ता. मोठा व्हॉल्व्ह."

सुकानं कारण विचारलं नाही. रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग पळती पावलं, मग लांबवर जिना. भगवंत कानाला रिसीव्हर लावून उभा राहिला. बऱ्याच वेळानं सुका धापा टाकत आला.

"त्रेपन झाला होता काटा. पुंड्यानं पाणी सोडलं. उतरतोय आता." मग थोडं थांबून, "शीटवर चाळीस लिवून ठेवलं होतं म्हणतो. आता रडतोय गाढव."

भगवंत बोईसरला परतला. निबंधाचं पान त्याच्या पेनाचा ठिपकाही न पडता राहिलं होतं. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला. त्यानं नेमानं झाकणात गूळ ठेवायला सुरुवात केली, पण संध्याकाळी तो खडा होता तिथंच असे. आधी सकाळपर्यंत मुंग्या तरी लागायच्या. आता मुंग्याही लागत नव्हत्या.

जानेवारीच्या अखेरीस पत्र आलं. लेखी परीक्षेत पास, मुलाखतीला या. कुणाचं तरी चुकून आलं असेल म्हणून त्यानं नाव आणि नंबर तीनदा पडताळला. त्याचाच होता. पुंडलिकनं पेढे वाटले. सुकानं पेढा घेतला, खाल्ला नाही.

"वार कोणता हाय?" त्यानं विचारलं.

"शुक्रवार."

"मग संबाळून."

मुलाखत दुसऱ्या मजल्यावर होती. जुनी दगडी इमारत, रुंद दगडी जिना. त्याचा नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. तिघे बसले होते. मधल्या वयस्कर प्राध्यापकांनी त्याला नोकरी विचारली, गाव विचारलं, दोन हिशेब घातले. त्याला सगळं आलं. मग त्यांनी त्याची उत्तरपत्रिका पुढे ओढली.

"तुमच्या निबंधामुळे तुम्हाला बोलावलं," ते म्हणाले. "लोक पुस्तकी लिहितात. तुम्ही एका केटलीवरची एक पाळी लिहिलीत. साधी आणि खरी. फक्त शेवट कळला नाही. असा का सोडलात?"

त्यांनी पान त्याच्याकडे फिरवलं. चार पानं भरलेली होती. निळी शाई, उजवीकडे झुकलेलं अक्षर. शेवटच्या पानाच्या तळाशी एकाखाली एक :

११ — ४०
१२ — ४६
१ —
२ —
३ —

"हे तीन आकडे भरायचे राहिले का?" प्राध्यापकांनी सहज विचारलं.

भगवंतच्या जिभेवर गुळाची चव आली. त्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एकला पाच मिनिटं होती.

"हो, सर," तो म्हणाला. "येतो मी जाऊन."

त्यानं खुर्ची आवाज न करता मागं सारली, नमस्कार केला आणि दार ओढून घेतलं. बाहेर दगडी जिना होता; तासाभरापूर्वी त्याच जिन्यानं तो वर आला होता. त्यानं पाऊल टाकलं. पायरी खाली जात नव्हती, वर चढत होती, आणि पायाखाली लोखंड वाजलं.