नळाच्या पायरीवर कोण बसलं होतं

माझ्या थापा सगळ्या फणसवाडीला पाठ आहेत. म्हणून आधीच सांगतो, ही थाप नाही. छप्पन साल, हरताळाचा दिवस, आमच्या वाडीचा चौक.

सगळे घरात बसून कंटाळलेले. त्यातून ही पैज निघाली.

आमच्या मजल्यावरचा मनमोहन फोटोग्राफर. त्याने अख्ख्या वाडीचे फोटो काढले. बायकोला मात्र, "तुझा उद्या काढतो."

दोन वर्षांपूर्वी वासंतीवहिनी गेल्या. एकही फोटो नाही.

तेव्हापासून हा रिकामे जिने काढतो. कपडे वाळत घालायच्या रिकाम्या दोऱ्या. फोटोतलं काळं इतकं काळं, की बोट बुडेल.

"माणसं का नाही काढत रे?" शेजारच्या अप्पांनी विचारलं.

"माणूस असला की नजर त्याच्यावरच जाते, अप्पा. मला ती जागा दाखवायचीय... जिथून कोणीतरी उठून गेलंय."

"मग गर्दीने भरल्या नळावर रिकामा फोटो काढून दाखव," मी म्हटलं. "फोटोत एक जरी माणूस आला, तर चौकात तुझी अर्धी मिशी उतरवायची. नाही आला, तर माझी."

"चालेल. भिंगावर काळी काच लावतो, झाकण बराच वेळ उघडं ठेवतो. जो हलतो तो फोटोतून पुसला जातो."

"मी हलणारच नाही."

"तू? बस, बस."

पाणी आलं. बायका, बादल्या, कालवा. मी चपला काढून पायरीवर बसलो, कॅमेऱ्याकडे तोंड करून. दगडासारखा.

रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या. त्या थांबल्या.

मग बादल्या...

मग नळ.

बायकांची तोंडं हलत होती. आवाज नव्हता.

आणि माझ्या कानामागे... बांगड्या वाजल्या.

पावलांवर ओला पदर पडल्यासारखं गार लागलं. मी वळलो नाही. पैज होती ना.

संध्याकाळी मनमोहनने मोरीत लाल दिवा लावला. कागद औषधाच्या पाण्यात हलवायला लागला. भिंत आली. नळ आला. बायका सगळ्या पुसल्या गेलेल्या.

पायरीजवळ माझ्या चपला आल्या.

मी नव्हतो.

माझ्या जागी एक बाई बसली होती... आपल्याकडे पाठ करून.

मनमोहनने कागद लाल दिव्याजवळ धरला. मग हळूच म्हणाला, "आकडा तिरका खोचलाय अंबाड्यात. तिची सवय."

त्याने तो फोटो कोणालाच दाखवला नाही. वाडीला नुसतं म्हणाला, "हरलो. रघू आलाय फोटोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात न्हावी बसला. सगळी वाडी गॅलऱ्यांत. "डावी काढ रे, डावी," अप्पा वरून ओरडतायत. मनमोहनही हसत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

हसलो नाही तो मी एकटा.

अर्धी मिशी खाली पडली. फेसाच्या तोंडाने मनमोहनने माझं मनगट धरलं.

"रघ्या, आज परत बसशील? तोंड नाही दिसलं रे तिचं. बसशील ना?"

मी पायरीकडे बघितलं. सकाळपासून तिथे कोणी फिरकलं नव्हतं. नळाला अजून पाणी यायचं होतं.

पायरी ओली होती... एका माणसाच्या बैठकीएवढीच.