आतल्या खोलीतली म्हातारी, एक नग

ये, बस इथे दिव्याजवळ. भीती वाटली तर लगेच सांग, मला तेवढंच बरं वाटेल.

चौथीत माझं आणि मास्तरांचं बिनसलं, तेव्हा शाळा तिथेच राहिली आणि मी पुढे निघालो. एकतीस वर्षं ट्रक हाकला आणि त्यातून हे घर उभं केलं. खाली मी, वरच्या दोन खोल्या भाड्याला. भाडेकरू आला की मी यादी करतो. पंखे दोन, दिवे पाच, नळ तीन, त्यातला एक गळका. दोघांनी सही करायची आणि घर सोडताना तीच यादी घेऊन घरभर फिरायचं. या यादीत एक वस्तू मी नेहमी पदरची घालतो. एका कंपाउंडरला लिहून दिलं होतं, 'गच्चीवर हत्ती, एक.' जाताना बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, शपथ घेतो, हत्ती मी पाहिलासुद्धा नाही!" लोक न वाचता सह्या करतात, त्याला मी काय करू?

दोन वर्षांपूर्वी एक मास्तर आणि त्याची बायको राहायला आली. मास्तर म्हटल्यावर माझे हात शिवशिवायला लागले. लिहिलं, 'आतल्या खोलीत म्हातारी, एक नग, चालू स्थितीत.' त्यानं माझं शुद्धलेखन लाल पेनानं सुधारलं आणि खाली सही ठोकली! मी आठवडाभर हसत होतो.

गेल्या महिन्यात ते घर सोडून निघाले. दुपारी चार वाजता मी यादी घेऊन वर गेलो. बायको पिशव्या धरून दाराबाहेरच उभी होती, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. मास्तर माझ्याबरोबर फिरला. पंखे, दिवे, नळ, सगळं जागच्या जागी. शेवटच्या ओळीवर आल्यावर मी मोठ्या मुश्किलीनं तोंड गंभीर केलं.

"म्हातारी, एक नग."

मास्तर हसला नाही.

"आत आहे," तो हळूच म्हणाला. "खिडकीखाली. तिथेच बसते."

"चालू स्थितीत ना?"

"काका..." बायको बाहेरून कुजबुजली. "दोन वर्षं सांभाळली. आता तुमच्या ताब्यात पोचली म्हणून सही द्या. त्याशिवाय आम्हाला जाता येणार नाही."

मी खूशच झालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझीच फिरकी घेत होतं! झोकात सही केली. दोघं जिना असे उतरले, की मास्तरची एक चप्पल मधल्या पायरीवरच राहिली. ती न्यायलाही तो फिरकला नाही.

मी आतल्या खोलीत डोकावलो. कुणी नव्हतं. फक्त वास होता, वर्षानुवर्षं बंद असलेली लुगड्यांची पेटी उघडावी तसा. आणि खिडकीच्या भिंतीकडून एक आवाज... बसल्या जागी कुणी जरासं सरकून ऐसपैस व्हावं, तसा.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. भिंती मोजून डोकं खाजवायला लागला.

"काका, मागच्या रंगाच्या वेळी ही खोली आतून दहा फूट भरली होती. आता नऊ फूट आठ इंच भरतेय."

"तुझा टेप आखडलाय."

"टेप पोलादी आहे, काका. खिडकीचा कट्टा बघा की. आधी फुलदाणी राहायची, आता मांजर झोपेल."

खरंच, भिंत आत आली होती. मी रोज सकाळी मोजायला लागलो. नऊ फूट सात. नऊ फूट सहा. दलालानं दोन गिऱ्हाइकं आणली. दोघांनाही दारातच गुदमरल्यासारखं झालं. दलाल माझ्या मुलीच्या कानाला लागला आणि मुलगी तावातावानं आली.

"बाबा, विकून टाका हे घर. जे येईल त्यात सोडा आणि माझ्याकडे चला. हॉलचा एक कोपरा पडदा लावून देते तुम्हाला."

पोरीचं मन सोन्याचं आहे. पण कोपरा! ज्या माणसानं एकेक वीट स्वतः वाहिली, त्यानं जावयाच्या टीव्हीमागे झोपायचं? आणि तेही का, तर जी बाई मी गमतीत कागदावर लिहिली, तिला पाय पसरायचेत म्हणून?

त्याच संध्याकाळी मी खाट वर नेली आणि खिडकीखालीच टाकली. पाठ भिंतीला लावून बसलो. उजेड हळूहळू ओसरला. पेटीचा वास दाटला. मग पाठीमागे, विटांच्या आत, लुगडं सळसळलं.

"बाई," मी म्हटलं, "घर माझं आहे. निघा."

मग कोरडा, पापडासारखा आवाज...

"तुम्हीच लिहिलंत... म्हणून आले."

"गंमत होती ती."

"सही... दोनदा आहे."

ट्रकवाल्याला भीती वाटली की तो हॉर्न दाबतो. मी आवाज चढवला.

"असेल सही! एका नगाला एका नगाची जागा. माझी भिंत कशाला ढकलतेस?"

"नग लिहिलात..." ती माझ्या कानाशी आली. "माप नाही लिहिलंत..."

चुकलंच माझं. पंख्याची लांबी लिहिली होती, मोरीची रुंदी लिहिली होती, हिचंच माप राहिलं. बिनमापाची ती, मग कुठे थांबणार? आज खोली, उद्या जिना, परवा माझं खालचं घर.

माझं डोकंच फिरलं. दोन्ही पाय समोर रोवले, पाठीनं भिंत रेटली आणि ओरडलो, "या घरातला एक इंच मिळणार नाही! जागा हवी तर माझ्यातून घे! बघू कोण आधी संपतं!"

ती हसली. अगदी लाडानं हसली.

सकाळी टेप लावला. दहा फूट. पुन्हा मोजलं. दहा फूट, बरोबर! वास नाही, आवाज नाही. मी खिडकीतून दलालाला हाक मारून वेडावून दाखवलं. परवापासून नवे भाडेकरू येतायत. रंगारी शेवटचा हात मारतोय. मुलगीही बघायला आली. खोली बघितली, मग माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, कुणाचा सदरा घातलाय?"

सदरा माझाच होता. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मी त्या दुमडल्या. दुसऱ्या दिवशी अजून एक घडी घालावी लागली.

घालीन. रोज घालीन. शिंपी आहे, सुई आहे, माझा हट्ट आहे. खोली दहा फूट आहे आणि दहाच राहील, हवं तर आत्ता वर येऊन मोज. फक्त आधी एक काम कर. दिवा जरा खाली धर. या खुर्चीवर कालपर्यंत माझे पाय जमिनीला टेकत होते...

बघून सांग, टेकलेत का?