पारपटलावरची खिडकी

डोळ्याचा उंचसखलपणा मोजणाऱ्या वलयलेखक यंत्राची चोवीस प्रकाशवर्तुळे केतकी कारखानीसच्या उजव्या डोळ्यावर विसावली आणि मध्यावर येऊन वेडीवाकडी झाली. मिरजेच्या त्या प्रयोगशाळेतील पडद्यावर पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाचा, नकाशा उमटला : निळ्या सपाटीतून वर आलेली लाल टेकडी.

"डोंगरच की," केतकी म्हणाली. भूमापन खात्यात तिने वीस वर्षे नकाशांवर समान उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा आखल्या होत्या.

"पंधराव्या वर्षापासून वाढतोय. उद्या काढू, दात्याचं पारपटल बसवू," डॉ. नसीमा मुल्ला म्हणाल्या. "निगेटिव्ह आणलीत?"

पुरातून वाचलेली ती एकच; केतकीने ती दिली आणि फोटो पडद्यावर मोठा झाला. चार वर्षांची केतकी, अगदी जवळून. फोटो आईने काढलेला, म्हणून आई त्यात नाही. आणि मुलीची नजर कॅमेऱ्यावर नाही, किंचित बाजूला. महिन्याभरात आई गेली. अखेरच्या फोटोतही आपण तिच्याकडे पाहिले नाही, हे केतकीला चाळीस वर्षे सलत होते.

"पारपटल म्हणजे फुगीर आरसा," नसीमा म्हणाल्या. "त्याचा उंचसखलपणा कळला की फोटोतल्या डोळ्यात उमटलेलं समोरचं दृश्य सपाट करता येतं, आईसकट. पण तेव्हा हा डोंगर नव्हता."

"पायथा तर जुनाच ना?"

"पायथा जुना. मधलं सगळं अंदाजानं."

"अंदाज केला तर आमच्याकडे नोटीस मिळते, मॅडम. फोटोतल्या डोळ्यात खिडकीचे गज वाकलेले दिसतायत बघा. ते सरळ होते. गज सरळ येईपर्यंत डोंगर उतरवा."

संगणकाने टेकडी थराथराने उतरवली. वाकलेले गज एकेक करून ताठ झाले. त्यांच्यापुढे एक काळी आकृती उभी राहिली.

चेहऱ्याच्या जागी कॅमेरा होता.

मग केतकी कोरडे हसली. "उमेदवारीत दोन वर्षं मापनपट्टी धरून उभी होते. मोजणीच्या दुर्बिणीमागच्या माणसाचा चेहरा एकदाही दिसला नाही. आणि मीच हे विसरले."

"थांबा. कॅमेऱ्याच्या बाजूला काय आहे?"

प्रतिमा मोठी झाली. शरीरापासून लांब धरलेला एक हात. तीन बोटे स्पष्ट. अंगठा आणि मधले बोट पुसट, हललेले.

"चुटकी," नसीमा हळूच म्हणाल्या. "लहान पेशंटनं बघावं म्हणून मीही वाजवते."

केतकीने मोजपट्टी मागितली. मुलीच्या डोळ्याच्या बाहुलीपासून निघालेली नजरेची रेषा तिने पडद्यावर सावकाश आखली, शेताची हद्द आखावी तशी. रेषा आईच्या त्या दोन पुसट बोटांवर येऊन थांबली.