वॉल्टरचे कार्ब्युरेटर

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, वाद घालायचं त्राण माझ्यात नाही. पण हे घडलंय.

मी धम्मपाल, मूळचा नागपूरचा, ऑकलंडमध्ये मेकॅनिक. आमच्या घरात भूतबाधा, अंगारे-धुपारे यांना थारा नाही. म्हणूनच सांगताना लाज वाटते.

जून २०१६, म्हणजे इथला हिवाळा. ऑकलंडचं उपनगर अवोन्डेल. रविवार होता. रात्रसुद्धा नव्हती... दुपारचे तीन वाजले होते.

वॉल्टर माझा पहिला बॉस. स्टुडंट व्हिसावर आलेल्या मला त्याने काम शिकवलं, रेसिडेन्सीच्या कागदांवर सही केली. एप्रिलमध्ये तो गेला. त्याची सदुसष्ट सालची ब्रिटिश स्पोर्ट्स कार त्याच्या घरच्या गॅरेजात बंद पडून होती.

त्याची बायको जोन म्हणाली, "पॉल, उद्या त्याच्या अस्थी पिहाच्या समुद्रात सोडायच्यात. त्याच्याच गाडीतून नेऊ दे मला. एवढं कर."

इथे मला सगळे पॉलच म्हणतात.

नाही कसं म्हणणार?

पण आठवडाभर राबून मी पार पिचलो होतो. डोळे आपोआप मिटत होते. त्यात नवशिक्यासारखी चूक केली. इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारे दोन्ही कार्ब्युरेटर एकदम खोलले. वॉल्टर असता तर ओरडला असता, "एका वेळी एकच! दुसरा बघून जोडायचा!"

प्रत्येकात एक पिस्टन, त्यावर टोपण. जोड्या ठरलेल्या असतात. माझ्या टेबलावर सगळ्यांची खिचडी झाली होती.

जोडल्यावर पिस्टन बोटाने उचलून सोडायचा. टक् वाजलं, म्हणजे बरोबर बसला.

वाजेना.

अदलाबदल केली. पिस्टनखालची सुई पुन्हा मध्यावर बसवली. चार वेळा. पिस्टन अर्ध्यावरच अडकायचा. रडायचंच काय ते बाकी होतं. शेवटी सगळं सुटं तसंच टाकून किचनमध्ये जोनसमोर जाऊन बसलो. उद्या जमणार नाही, हे तिला सांगायचं होतं.

तोंड उघडलं, आणि...

टक्.

गॅरेजमधून.

मग... पुन्हा टक्.

जोनने कप खाली ठेवला. "कोण आहे तिकडे?"

घरात आम्ही दोघंच होतो.

गॅरेजमध्ये गेलो. टेबल रिकामं. दोन्ही कार्ब्युरेटर गाडीवर बसलेले, स्क्रू आवळलेले. थंडीने बोटं गारठली होती माझी. हात लावला तर... धातू कोमट.

चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

घरी बायकोला, श्रद्धाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तूच जोडले असशील. किती थकलायस, झोप आता."

मीही तसंच मानून झोपलो.

सोमवारी जोनचा फोन आला. पिहाला उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी बंद पडली होती. मी गेलो. पेट्रोल होतं. ठिणगी होती. दोन्ही पिस्टन स्वच्छ वाजत होते.

तोंड समुद्राकडे असेपर्यंत गाडी ढिम्म. ढकलून घराकडे वळवली... लगेच सुरू.

परत समुद्राकडे वळवली.

बंद.

तिसऱ्या वेळी जोन म्हणाली, "राहू दे, पॉल." अस्थींचा डबा मांडीवर घट्ट धरून ती बराच वेळ खाली लाटांकडे बघत होती.

"समुद्र मला आवडतो," ती म्हणाली. "त्याला कधीच आवडला नाही. सत्तेचाळीस वर्षं तो नुसता माझ्यासाठी यायचा."

जोन आणि अस्थींसकट मी गाडी अवोन्डेलला परत आणली. वाटेत एकदाही अडखळली नाही.

माझ्या हातून काही चुकलं होतं, की समुद्रात जायचं नव्हतं म्हणून वॉल्टरनेच मुद्दाम...? तीन वर्षं झाली. अजूनही एकटा असलो की कार्ब्युरेटर खोलायला माझा हात धजत नाही.