कडेचा तुकडा

"सही कर आणि सुटका करून घे!" सासूबाईंनी संमतीपत्र पुढे करून धाकट्या मुलाच्या हातात पेन कोंबलं, आणि खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली थोरली सून झटकन पुढे आली... उद्या सकाळी त्याचा पाय मांडीपासून कापायचा होता!

"नको," ती म्हणाली. "थोडे दिवस थांबा, आई."

"थांबू? कॅन्सर थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

ती याच इस्पितळात पॅथॉलॉजीची डॉक्टर. लग्न होऊन आली तेव्हा हा दीर दप्तर ओढत शाळेत जायचा. सासूबाई आजारपणानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा चालून आलेली परदेशातली नोकरी नाकारून, त्याबद्दल ब्रसुद्धा न काढता, तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. आता खेळताना कुणाचा तरी गुडघा त्याच्या मांडीत बसला काय, आणि तिथं दगडासारखी गाठ धरली काय!

घरच्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नाही, म्हणून तिनं तो सहकाऱ्याकडे दिला होता. गाठीच्या मधला मऊ भाग त्यानं लगेच पाहिला: वेड्यावाकड्या, भराभर वाढणाऱ्या पेशी आणि त्यांत कच्चं हाड. त्यानं 'कॅन्सर' असं लिहिलं. कडेचा टणक तुकडा मात्र अजून आम्लात पडला होता, कारण हाड मऊ झाल्याशिवाय त्याचा पातळ काप निघत नाही. त्याची वाट न पाहताच रिपोर्ट गेला होता.

"मार लागलेल्या स्नायूत कधीकधी शरीरच हाड तयार करायला लागतं," ती कळवळून सांगू लागली. "ते मध्ये कच्चं असतं, अगदी कॅन्सरसारखं दिसतं. पण कडेला पक्कं होत जातं. कॅन्सरच्या कडेला असं पक्कं हाड नसतं. म्हणून कडा बघायलाच हवी!"

"आणि कडेलाही कॅन्सरच निघाला तर?" दाराशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"तर... मीच त्याला सही करायला सांगेन."

"तुझं काय जातंय!" सासूबाई कडाडल्या. "पोटचं पोर असतं म्हणजे कळलं असतं तुला!"

ती भिंतीला टेकली. तेवढ्यात धाकट्यानं पेन बाजूला ठेवलं.

"बास, आई. वहिनी म्हणेल तेव्हाच सही."

त्या विश्वासानं तर ती आणखीच घाबरली... आपलं चुकलं तर? पाय वाचवता वाचवता पोरच हातचं गेलं तर?

शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. रोज ती सुई टोचून तुकडा मऊ झाला का ते बघे. तीव्र आम्ल घातलं असतं तर लवकर झालं असतं, पण पेशींची वाट लागली असती. घरी सासूबाई तिच्याशी चकार शब्द बोलत नव्हत्या. तिनं वाढलेल्या ताटाला त्यांनी हातही लावला नाही.

अखेर काप निघाला. सहकारी सूक्ष्मदर्शकावर वाकला. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"इकडे ये," तो हळूच म्हणाला.

मध्ये तोच गोंधळ होता. काच सरकली तशी हाडाच्या कोवळ्या पट्ट्या दिसू लागल्या, त्यांच्या काठानं पेशी ओळीनं बसलेल्या. आणि अगदी कडेला... पक्कं, शहाणं हाड! त्यापलीकडचा स्नायू शाबूत होता.

"कॅन्सर नाही. चूक माझी आहे. सर्जनला मी स्वतः सांगतो."

ती तिथंच स्टुलावर बसून हमसून हमसून रडली.

बातमी ऐकून सासूबाई काठी टेकत तिच्या विभागात आल्या. दारातच थबकल्या.

"जीभ झडली का नाही गं माझी, तसं बोलताना? क्षमा कर... विसरून जा ते!"

सुनेनं डोळे पुसले. "नाही विसरता येणार, आई. खोटं कशाला बोलू? फार लागलंय."

सासूबाईंची मान खाली गेली. मग त्यांनी तिचा चेहरा ओंजळीत घेतला.

"नको विसरूस, पोरी. मलाही विसरू देऊ नकोस. फक्त... आज मला जेवायला वाढ."