नळीतून आलेली टकटक

आधीच सांगते, आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नाही. आम्ही बौद्ध. दाराला लिंबू-मिरची नाही, नव्या गाडीपुढे नारळ नाही.

म्हणून हे लिहिताना मलाच माझा राग येतोय. पण जे झालं ते खरं आहे, आणि ते माझ्याच धुतलेल्या अंगणात झालं.

जबलपूर. गोरखपूर भागातलं आमचं घर. दीड महिन्यापूर्वीचा, नोव्हेंबरातला रविवार. रात्र वगैरे नव्हती, भर दुपार होती. शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

सुगत माझा धाकटा भाऊ. डोंगराच्या उतारावरून, दगडधोंड्यांतून सायकल घालायचं त्याला वेड. त्यासाठी त्याला एन्ड्युरो सायकलच हवी होती. कार्बनची फ्रेम, पुढे-मागे जाड शॉकॲब्सॉर्बर, चालवता चालवता खालीवर होणारी सीट. नवी घ्यायची आमची ऐपत नाही. सराफ्यातल्या एका घरातून जुनी मिळाली. त्यांचा मुलगा आता चालवत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

सायकल देताना त्या घरातल्या बाईने नाकाला पदर लावला होता.

"ले जाइए भैया. जल्दी ले जाइए."

सुगतने हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, कारण वास मलाही येत होता...

मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांचा असतो ना, तसा वास.

मला घाण सहन होत नाही. ताटात एक केस निघाला तर मी दिवसभर जेवत नाही. घरात मला सगळे 'सफाई इन्स्पेक्टर' म्हणतात. मी ती सायकल फिनाईलने पुसली, साबणाने पुसली. वास तिथेच.

त्या रविवारी सुगतला सायकलच्या नळीत पाणी डुचमळल्यासारखं वाटलं. कार्बनची फ्रेम आतून पोकळ असते. सायकल धुतली की तो सीट काढून ती उलटी करायचा, म्हणजे आत गेलेलं पाणी निघून जातं.

पण त्या आठवड्यात सायकल धुतलीच नव्हती.

त्याने सीट उपसली. सायकल उलटी केली.

पाणी आलं... काळंहिरवं. खाली पडेना. शेंबडासारखं लोंबत राहिलं.

मग केस आले.

लांब, ओले केस. सुगत ओढत गेला आणि ते येत गेले.

"उंदराचं घरटं असन, दीदी."

"उंदराला एवढे केस असतात काय रे?"

गुंत्याच्या शेवटी एक नख होतं. पायाच्या अंगठ्याचं. अख्खं.

मी तिथेच तुळशी वृंदावन नसलेल्या आमच्या साध्या अंगणात, नळाशेजारी ओकले.

सुगतला वेगळीच काळजी. पाणी शिरलं म्हणजे फ्रेमला तडा गेला असेल. कार्बनचा आतला तडा बाहेरून दिसत नाही, म्हणून ही सायकलवाली मंडळी नाण्याने ठोकून बघतात. टणक आवाज आला तर फ्रेम चांगली. बद्द आला तर गेली.

त्याने नाणं काढलं. टक.

टणक आवाज. तो खूश झाला.

आणि मग... आतून आलं.

टक.

बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. म्हणाले, "लोखंड थंड होताना वाजते रे."

"बाबा, हे लोखंड नाही."

सुगतने गंमत म्हणून दोनदा ठोकलं. आतून दोनदा. त्याने तीनदा ठोकलं. आतून तीनदा.

"ठेव ते नाणं," मी ओरडले. "काहून उत्तर देऊन राहिला तू?"

त्याने नाणं खिशात टाकलं. अंगण शांत झालं. कुकरही थांबला होता.

टक टक टक टक...

आता तिकडून सुरुवात झाली होती. आणि माझ्या भावाने, त्या लिबलिबीत बोटांनीच, परत चारदा ठोकलं.

त्या संध्याकाळी मी खूप भांडले. सायकल परत कर, नाहीतर मी भंगारात देते. मला त्या घाणीची किळस होतीच, पण खरी भीती सुगतची होती. जेवतानाही त्याची बोटं ताटाच्या कडेवर वाजत होती. शेवटी तो म्हणाला, "चलो ठीक है. एकदाच चालवतो, मग देऊन टाकतो."

सकाळी तो मित्राबरोबर, पियूषबरोबर, भेडाघाटाकडच्या उतारावर गेला.

पुढचं पियूषने सांगितलं. रस्ता रोजचाच. सुगतने भर उतारावर एक हात सोडला. वाकला. कान नळीला लावला. आणि टकटक करू लागला.

पाय दोन ठिकाणी मोडला. सायकल घरंगळत गेली, ती थेट नर्मदेत.

भावाचा पाय मोडलेला असताना असं वाटू नये, पण मला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हटलं. अंगण फिनाईलने धुतलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

सुगतच्या पायाला मांडीपासून प्लास्टर आहे. चार-पाच दिवसांपासून त्या प्लास्टरला वास येतो. डॉक्टर म्हणतात, घाम साचतो, येतोच.

मला हा वास माहीत आहे.

काल दुपारी खिचडी घेऊन त्याच्या खोलीत गेले. तो गाढ झोपला होता. दोन्ही हात छातीवर, शांत.

टक... टक...

प्लास्टरच्या आतून.

मी उत्तर दिलं नाही. जवळ गेले फक्त. मांडीपाशी, प्लास्टरच्या कडेतून एक केस बाहेर आला होता. लांब. ओला. सुगतचे केस तर बारीक कापलेले आहेत.

घाण दिसली की माझा हात आपोआप जातो. मी तो केस चिमटीत धरला आणि ओढला. तो येत गेला... येत गेला... आणि अडला.

मग आतून कोणीतरी तो परत ओढला.

प्लास्टर सोमवारी कापणार आहेत. "काहून घाबरून राहिली दीदी, तूच चल माझ्यासंगं," असं सुगत म्हणतो. जावं तर लागेलच, भाऊ आहे माझा.

कालपासून मी जेवले नाही. हात धुऊन धुऊन सोलले आहेत, पण बोटांचा वास जात नाही.