तळहातावर ओढलेली बाही

ऑफिसातल्या पाण्याच्या यंत्रापाशी तिनं आणि त्यानं एकदमच हात पुढे केला आणि त्याच्या हातून पेला निसटला. फडकं शोधायचं सोडून त्या वेंधळ्यानं स्वेटरची बाही तळहातावर ओढली आणि त्या बाहीनंच टेबल पुसून काढलं. वर म्हणतो, "सॉरी... तुम्ही भिजला नाहीत ना?"

ती हसली. तिथंच सगळा घोळ झाला.

ॲनिमेच्या, म्हणजे जपानी धाटणीच्या कार्टूनच्या, स्टुडिओत गोंडस पात्रं घडवणं हे तिचं काम. मोठाले डोळे, एवढीशी हनुवटी, हे कुणालाही जमतं. पण बघणाऱ्याचा जीव विरघळायचा, तर पात्रात एखादं बावळटपण हवं, लपवू म्हटलं तरी न लपणारं. नव्या मालिकेच्या नायिकेला तिनं ती बाही देऊन टाकली. लाजली रे लाजली, की तळहातावर ओढायची!

बैठकीत चित्र पडद्यावर आलं.

"अरे, हा तर आपला रंगारी!" कुणीतरी ओरडलं आणि खोलीभर हशा पिकला.

"किती बिचारी दिसते, नाही? मस्त!" दिग्दर्शिकाबाईंनी कळसच केला.

चित्रांत रंग भरणारा तो कोपऱ्यात बसला होता. तोही हसला. मग त्यानं सावकाश दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे मनापासून आवडलं, तेच तिनं चव्हाट्यावर मांडलं होतं.

चित्र रंगवायला अर्थातच त्याच्याकडे गेलं. त्याच्या बाह्या रोज वरच. ती पाणी प्यायला जायचीही बंद झाली. शेवटी एका दुपारी धीर करून त्याच्या टेबलाशी उभी राहिली.

"मी ती बाही खोडते. थट्टा करायची नव्हती हो मला... फार लाज वाटतेय."

"राग आला होता मला," तो म्हणाला. "थट्टा नव्हती, मग काय होतं?"

"आवडते मला..."

"बाही?"

"बाहीतला माणूस," ती कशीबशी पुटपुटली.

मग त्यानं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. नायिका रंगून तयार होती – आणि कान लालबुंद.

"कान लाल करायला कुठं सांगितलं होतं मी?"

"तुम्ही आलात की माझे होतात तसे. तुमचं लक्ष आपलं बाहीकडेच." तो अडखळला. "खोडू नका. फक्त... पुढच्या वेळी आधी मला दाखवा."

तिचे डोळे भरून आले. त्यानं दुमडलेली बाही सोडली, तळहातावर ओढली आणि हलकेच तिचा गाल पुसला.

"सॉरी," तो म्हणाला, "फडकं नाहीये."